बार्शीचे घर आणि आजीचा चौका

बालाघाटाच्या रांगा उतरून येणारा माल पूर्वी ज्या गावी प्रथम इंग्रजी मुलखात प्रवेश करी, ते गाव म्हणजे बार्शी. निजामाची हद्द येथून अगदी जवळ होती, आणि हद्दीवरचे गाव हे व्यापाऱ्याला नेहमीच मानवते. ज्वारी, तूर, करडई, भुईमूग, कापूस अशा नाना जिनसांच्या गाड्या येडशीचा घाट उतरून येथे येत. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून लहान गाडी धावू लागली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. ‘बार्शी लाइट’ या नावाने ती सर्वत्र प्रसिद्ध झाली. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात गेली, तरी आमच्या घरातील वडीलधारी माणसे तिला शेवटपर्यंत ‘कंपनीची गाडी’ असेच म्हणत. या गाडीच्या आधारानेच आमच्या पणजोबांनी पेठेत अडतीचे दुकान थाटले आणि त्याच्या पाठीमागे घर बांधले. ते घर नुकतेच विकले गेले. त्या निमित्ताने जुन्या गोष्टी पुन्हा मनात आल्या. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांपुढे आज हाच प्रसंग उभा आहे, म्हणून त्या येथे लिहीत आहे.

बार्शीचे ग्रामदैवत भगवंत. अंबरीष राजाची कथा या क्षेत्राशी जोडलेली आहे. एकादशीचा उपवास, द्वादशीचे पारणे, अतिथी म्हणून आलेले आणि स्नानास जाऊन न परतलेले दुर्वास ऋषी, आणि इकडे सरत चाललेली तिथी. पारणे करावे तर अतिथीचा अपमान, न करावे तर व्रतभंग. अखेर राजाने केवळ एक घोट पाणी घेतले. आमची आजी जैन घरातील, तिचा या कथेशी धर्माने संबंध नव्हता. परंतु शेजारच्या काकू ती सांगू लागल्या की आजी हातातले सूप थांबवून ऐके. जेवावे केव्हा, हा प्रश्न एखाद्या राजाचे प्राण पणाला लावण्याइतका मोठा आहे, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिच्या चौक्यात रोज तोच प्रश्न असे.

घर माळवदाचे होते. पुढे दुकान, त्यामागे गोणींची थप्पी लावलेली अंधारी खोली, मग उघडा चौक, चौकाच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसात आड. दुकानातून स्वयंपाकघरात जायचे तर तीन उंबरे ओलांडावे लागत. तिसऱ्या उंबऱ्याच्या आत पायताण, चामड्याचा पट्टा आणि बाजारातील बोलणे यांपैकी काहीही येत नसे. आत चूल, चुलीच्या डावीकडे पाण्याचे तिवई-हंडे, उजवीकडे जाते, आणि या तिघांवरही छताला ताणून बांधलेले पांढरे स्वच्छ चंदोवे. माळवदाची माती झिरपते, तीत जीव असतात, ते अन्नात पडू नयेत म्हणून हा बंदोबस्त. चंदोवे दर पंधरा दिवसांनी उतरवून, झटकून, धुऊन पुन्हा बांधले जात आणि ते काम आम्हां नातवंडांकडे असे, कारण आम्ही पाटावर उभे राहून हात पोहोचवण्यात मोठे शौर्य मानत असू.

या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हते. परंतु इतक्या निरनिराळ्या मोजमापांनी बांधलेली दुसरी जागा मी आयुष्यात पाहिली नाही. दळलेल्या पिठाला पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा. त्यामुळे आजी एकदम पायलीभर कधीच दळत नसे. श्रावणात तर एक दिवसाआड जात्याची घरघर पहाटे ऐकू येई. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. चातुर्मासात पालेभाजी मुळीच नाही. कांदा, लसूण, बटाटा, रताळे, मुळा, गाजर या वस्तू घराच्या पहिल्या उंबऱ्याच्या आतही आल्याचे मला आठवत नाही. गाळलेल्या पाण्याला दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. लवंग घातलेल्या पाण्याला दोन प्रहर. उकळलेल्या पाण्याला आठ प्रहर. ताकाच्या कढीला डाळीचे पीठ लावायचे नाही, कारण द्विदल आणि दही-ताक एकत्र येता कामा नये. आमची कढी तांदळाच्या पिठीची असे, आणि लग्नानंतर पुण्यास बेसन लावलेली दाट पिवळी कढी प्रथम पाहिली तेव्हा मी तिला पिठले समजले.

नियमांची ही यादी वाचून आजच्या मुलींना वाटेल की त्या घरी जेवायला उरत तरी काय असेल. खरे तर तेथे रोज काही ना काही नवीन शिजे. हुलग्याचे शेंगोळे लसणाशिवाय होतात यावर बार्शीकर विश्वास ठेवत नाहीत. आजी जिरे खरपूस भाजून, हिंग तेलात फुलवून आणि थोडे तीळ कुटून त्यांत असा वास आणी की दुकानातले हमाल तिसऱ्या उंबऱ्याबाहेरून ‘आज शेंगोळे’ म्हणून ओळखत. ज्वारीच्या कण्या शिजवून, निववून, वर ताजे ताक आणि मीठ. उन्हाळ्यात त्याशिवाय दुसरे काही नको वाटे. तुरीच्या ओल्या शेंगांची आमटी पौष महिन्यात. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. लोणचे मुरवत ठेवण्याची तिची रीत नव्हती. कैरीच्या दिवसांत रोज सकाळी एक कैरी चिरून तिला मीठ, तिखट आणि कढवून निववलेले तेल लावायचे आणि ते त्याच दिवशी संपवायचे. चैत्र-वैशाखात कैरीच्या फोडी, गवार, भेंडी उन्हात कडक वाळवून ठेवल्या जात. त्या चातुर्मासात कामी येत. कुरडया मात्र आमच्याकडे होत नसत. गहू तीन दिवस भिजत घालून आंबवणे तिला मान्य नव्हते. शेजारच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत असत आणि आम्ही मुले त्यांकडे पाहत उभी असू. आजी ते पाही, आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पापड्या लाटायला बसे. त्या कुरडयांइतक्या चांगल्या लागत नसत, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

धान्य निवडण्याचे काम दुपारी. व्यापाऱ्याच्या घरात धान्याला किडीची चिंता दुहेरी. किडीने माल जातो, आणि कीड मारली तर धर्म जातो. तुरीच्या डाळीला आजी एरंडेलाचा हात लावी, ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाली. तरीही निवडताना सापडलेला प्रत्येक सोंडा चिमटीत हळूच धरून एका गाडग्यात टाकला जाई. त्या गाडग्यात मूठभर फुटके धान्य असे, वर फडके बांधलेले, आणि ते कोनाड्यात सावलीला ठेवलेले. ‘त्यांचेही पोट आहे’ एवढेच ती म्हणे. आजोबा थट्टेने म्हणत, “आमच्या दुकानात बिनभांडवली वाटेकरी एवढेच.”

परंतु या सर्वांहून पाण्याची गोष्ट मोठी होती. पहाटे आडावर रहाटाचा आवाज आला की आजी उठली असे समजावे. पोहऱ्याने पाणी काढून ते जाड खादीच्या दुपदरी वस्त्रातून हंड्यात गाळायचे. गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद हवे. त्याची घडी घातली की भांड्याच्या तोंडाहून ते भरपूर मोठे राहते. येथपर्यंतचे काम पुष्कळ घरांत होत असे. खरी गोष्ट पुढची. गाळून झाल्यावर वस्त्राच्या वरच्या बाजूस जे सूक्ष्म जीव राहिले असतील त्यांना गाळलेल्याच पाण्याने हलकेच भांड्यात उतरवायचे, आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, ज्या आडातून आले त्याच आडात परत पोहोचवायचे. वरून ओतून चालत नाही; इतक्या उंचीवरून पडल्यास त्या जीवांचा घात होतो. त्यासाठी तळाला कडी असलेला एक निराळा लहान पोहरा असे. तो भरून सावकाश खाली सोडायचा, पाण्याला टेकला की दोराला किंचित हिसका द्यायचा, म्हणजे तळाची कडी ओढली जाऊन पोहरा पाण्याच्या पृष्ठभागावरच पालथा होई. हा हिसका देण्याची एक खूण हाताला कळावी लागते. माझ्या आईला ती कळायला सहा महिने लागले, असे आजी सांगे. आई म्हणे, दोनच.

मी एकदा विचारले होते, एवढे डोळ्यांना न दिसणारे जीव, ते दुसऱ्या आडात सोडले तर काय बिघडते? आजी म्हणाली, “ज्याला ज्या घरातून काढले, त्याला त्याच घरी पोहोचवावे. दुसऱ्याच्या घरी तुला सोडले तर तू राहशील का?” या उत्तरात शास्त्र किती आणि आजीपण किती हे मला आजही नेमके सांगता येणार नाही.

आता संध्याकाळ. माळवदातील झरोक्यातून येणारा उन्हाचा कवडसा दुपारी चुलीजवळ असे. तो सरकत सरकत पूर्वेच्या भिंतीवर चढू लागे. त्या भिंतीवर आजीने गेरूची एक आडवी रेघ ओढली होती, आणि ऋतूप्रमाणे तिच्या वर-खाली आणखी दोन. कवडसा त्या त्या रेघेला पोहोचला म्हणजे सूर्यास्ताला दोन घटका उरल्या. मग पाने मांडायची. आणि नेमकी हीच वेळ बाजाराची. पौष-माघात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि त्याच दिवसांत तुरीची आवक भरात असते. लिलाव झालेला, माप चाललेले, गाड्या सोडलेल्या, शेतकरी घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेले. प्रत्येकाला त्याची पट्टी हवी. पट्टी म्हणजे मालाचे माप, भाव, हमाली, तोलाई वजा जाता हाती येणारी रक्कम. ती हातात पडल्याशिवाय तो गाडी जुंपणार कसा, आणि अंधार पडल्यावर घाटातून जाणार कसा?

तीन उंबरे ओलांडून दुकानात धावत जाण्याचे काम माझे होते. आजीचा निरोप कधीच ‘जेवायला चला’ असा नसे. ती विचारी, “पट्ट्या झाल्या का, विचारून ये.” आजोबा मान वर न करता बोटांनी खूण करीत, तीन राहिल्या, पाच राहिल्या. मी परत येऊन सांगे. आजी कवडशाकडे पाही. कवडसा रेघ ओलांडी, फिका होई, भिंतीवरून नाहीसा होई. कधी आजोबा शेवटच्या क्षणी येत, हात-पाय धुऊन चार घास घेत. पुष्कळदा येत नसत. त्या दिवशी त्यांचा चौविहार रिकाम्या पोटी. पाण्याचा घोटही नाही. आणि आजीचे ताटही तसेच झाकले जाई. दोघांत याविषयी कधी वाद झाल्याचे मी ऐकले नाही. फक्त एकदा, माझे चुलते नव्याने दुकानात बसू लागले होते तेव्हा, त्यांनी ‘शेतकऱ्यांना थांबू द्या, आपण आधी जेवून घेऊ’ असे म्हटले. आजी उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, “त्यांच्या घरी चूल पेटायची आहे. तुझी पेटून विझली.” चुलते पुढे पन्नास वर्षे दुकान चालवत होते, हे वाक्य तेच आम्हांला सांगत.

मुलांना मात्र आठ वर्षांपर्यंत सवलत होती. माझा आठवा वाढदिवस मला चांगला स्मरतो तो यामुळेच. त्या रात्री प्रथमच मी तहानलेली झोपले, आणि सकाळी दोन घटका दिवस वर येईपर्यंत आजी माझ्याजवळ बसून होती. मग तिने मला पहिल्यांदा मोठ्यांच्या पेल्यात पाणी दिले.

या स्वयंपाकघराविषयी लिहिताना एक बाजू वगळून चालणार नाही. ते सर्वांसाठी नव्हते. हमालांची मुले चौकापर्यंत येत, पुढे नाही. महिन्यातील चार दिवस आम्ही मुली आणि सुना गोणींच्या खोलीशेजारी बसत असू आणि आमचे ताट सरकवले जाई. आजीच्या करुणेत सोंड्याला जागा होती, मग त्या मुलांना का नव्हती, हा प्रश्न मला कॉलेजात गेल्यावर पडला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. शुद्धी आणि अहिंसा या तिच्या लेखी एकच होत्या. मला त्या दोन वाटतात.

तरीही १९७२ साल आठवते. पाऊस गेलाच होता. आदल्या वर्षीही तो पुरता पडला नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटे. रस्त्यांवर खडी फोडायला माणसे जात, तेथे सुकडी वाटत. आमच्या आडाचे पाणी इतके खाली गेले की दोराला दोर जोडावा लागला. घरातील पेव त्या वर्षी उघडले तेव्हा भाव चढलेला होता, आणि अडत्याच्या घरी धान्य असणे म्हणजे काय हे वाचकांना सांगावयास नको. आजीने आजोबांकडून पेवातील काही भाग स्वयंपाकघराच्या नावाने मागून घेतला. हमालांच्या बायका मागच्या दाराने येत, ती पायलीने माप घालून देई आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढी. गावात धान्य सवाईने, दिढीने देण्याची चाल होती. म्हणजे पायली नेली तर सव्वा किंवा दीड पायली परत करायची. आजीचा हिशेब पायलीला पायली. तोपर्यंत किलोची मापे येऊन दहा वर्षे झाली होती, परंतु चिपटे, मापटे, शेर, पायली हीच तिची भाषा. दोन हंगामांनंतर बहुतेक रेघा पुसल्या गेल्या. सात-आठ राहिल्या. घर रंगवायला काढले तेव्हा तिने त्या भागाला चुना लावू दिला, परंतु कोणाकडे मागणी करू दिली नाही.

वर्षातून एकदा आम्ही कुंथलगिरीस जात असू. भूम तालुक्यातील हे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची निर्वाणभूमी. बार्शीहून भूमच्या वाटेने एसटी जाई. आजी तेथे प्रथम गेली ती लहानपणी बैलगाडीने, आणि तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठी यात्रा १९५५ सालची. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना तेथे चालू होती. १८ सप्टेंबर रोजी त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत डोंगरावर लोटलेला जनसमुदाय, चिखल, पाऊस आणि इतक्या माणसांना गाळलेले पाणी पुरवताना झालेली धावपळ यांचे वर्णन ती करी. दर्शनाविषयी ती फारसे बोलत नसे. “डोळे भरून आले, काही दिसले नाही” एवढेच. गाळण्याचे जे वस्त्र तिने तेथे वापरले ते तिने नंतर चौक्यात वापरले नाही; ते घडी करून पूजेच्या पेटीत ठेवले होते. परतताना आम्हां मुलांचे लक्ष मात्र कुंथलगिरीच्या खव्याच्या पेढ्यांवर असे. त्या भागात घरोघरी खव्याच्या भट्ट्या आहेत आणि तेथील तपकिरी पेढ्याचा खरपूस स्वाद अन्यत्र मिळत नाही. आजी स्वतः बाजारचे खात नसे, परंतु पेढ्याचा पुडा स्वतःच्या पिशवीत ठेवी आणि सूर्यास्तापूर्वी एसटीत मोजून वाटी.

मी चौथीत असताना आमच्या बोळात नळ आला. सर्वांना आनंद झाला. आजीला पेच पडला. नळाचे पाणी गाळता येते, परंतु त्याची जिवाणी परत कोठे सोडायची? हे पाणी कोणत्या तळ्यातून, कोणत्या नदीतून आले हे तिला ठाऊक नव्हते. गावात विहार करीत आलेल्या त्यागीजनांना तिने विचारले, पंडितांना विचारले. कोणी म्हणाले, मोरीत सोडा. कोणी म्हणाले, जवळच्या पाण्यात सोडा. कोणी म्हणाले, काळ बदलला, एवढे मनावर घेऊ नका. तिसऱ्या उत्तराने ती दुखावली. तिने आपल्यापुरता निर्णय केला: नळाचे पाणी सारवण्याला आणि भांड्यांना, पिण्याचे आणि रांधण्याचे आडाचेच. १९८१ मध्ये ती गेली, तोवर रहाट रोज वाजत होता.

त्यानंतरचा इतिहास संक्षेपाने सांगते, कारण तो सर्वांच्या घरचा आहे. बाजार समितीच्या आवारात व्यापार गेला, पेठेतील दुकाने ओस पडली. गॅस आला, चूल गेली. धाकटे चुलते पुण्याला, आम्ही बहिणी सासरी, चुलतभावांची मुले परदेशी. लहान गाडीचे रूळ जाऊन मोठी गाडी आली. मागचे माळवद एका पावसाळ्यात खचले. गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहा वाटेकरी घराच्या व्यवहारासाठी बार्शीस जमलो. सातवी आत्या. तिचा वाटा तिने पूर्वीच सोडला होता, तरी तिला विचारल्याशिवाय काही करू नये असे सर्वांना वाटले. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, लातूरहून आली.

घेणाऱ्या गृहस्थांची अट सरळ होती. जागा मोकळी आणि सपाट हवी. पडझडीचे आणि आड बुजवण्याचे काम विकणाऱ्याने करून द्यावे. आड बुजवला नाही तर मागच्या बाजूचे दोन गाळे होत नाहीत, म्हणून किंमत तेवढी कमी. माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे की उघडा आड म्हणजे धोका. त्यात कचरा पडतो, डास होतात, उद्या एखादे मूल पडले तर जबाबदार कोण? त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. वीस वर्षे घराची पट्टी भरणारा आणि गळके माळवद दुरुस्त करणारा तोच होता.

आत्याने बॅटरी मागितली. काठाशी तिला धरून उभे केले आणि भावाने उजेड खाली टाकला. पाणी बरेच वर होते. कपारीतून पारवे फडफडत उडाले. उजेडात बारीक मासे हलताना स्पष्ट दिसले, आणि पायरीच्या दगडावर एक बेडूक. आत्या बराच वेळ पाहत होती. मग ती म्हणाली, “घर तुमचे, विका. पण हे सगळे कोणाच्या नावावर लिहून देताय?”

कोणी उत्तर दिले नाही. चहाही नको म्हणून ती चौकात जाऊन बसली. सूर्यास्त जवळ आला होता, तिच्या डब्यात तिने लातूरहून आणलेल्या दशम्या होत्या. त्या तिने आम्हां सर्वांना वाटल्या.

पुढचा एक महिना दूरध्वनीवर गेला. आड बुजवायचा तर आधी पाणी उपसावे लागेल, त्यातील मासे दुसरीकडे नेता येतील का, अशी चौकशी एका भावाने केली. दुसऱ्याने विचारले, असे किती मासे, आणि त्यांच्यासाठी किती लाख? हा प्रश्न निर्दयी वाटला तरी व्यापाऱ्याच्या घरात तो विचारला जाणे योग्यच होते. आम्ही तो आकडा मांडला. फरक सहा ठिकाणी वाटला गेल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी तूट एका लग्नातील एका दिवसाच्या जेवणावळीपेक्षा कमी होती. चौघे तयार झाले. पाचवा काही दिवसांनी. सहावा तयार झाला नाही, त्याची तूट बाकीच्यांनी भरून दिली, आणि तो आत्याशी अद्याप बोलत नाही.

घेणारे गृहस्थ आपल्या समाजाचे नाहीत. त्यांना आमचे म्हणणे समजावून सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, आमच्या आईनेही विहीर बुजवू दिली नसती. आडाभोवती चार हात जागा सोडायची, वर लोखंडी जाळी बसवायची, नव्या इमारतीच्या गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून त्यात सोडायचे, असे ठरले आणि खरेदीखतात तसे कलम घातले. वकिलांनी ते तीन वेळा वाचून पाहिले.

सह्या फाल्गुनात झाल्या. स्वयंपाकघर पाडले गेले. भिंतीचा चुना निघाला तेव्हा खाली कोळशाच्या रेघा अजून आहेत का हे पाहण्यास मी मुद्दाम थांबले होते. मातीबरोबर सगळे कोसळले, काही दिसले नाही. पूजेच्या पेटीतील गाळण्याचे वस्त्र माझ्याकडे आले, जाते चुलतभावाने नेले, पितळी पायली धाकट्या बहिणीने. कडीचा पोहरा आत्याला देऊ केला. लातूरला तिच्या घराला आड नाही, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने नको म्हटले. तो आडापाशीच ठेवला आहे. रहाटाचे लाकूड कुजले असून तो नवा बसवावा लागेल, आणि त्याचा खर्च आम्ही करायचा की घेणाऱ्यांनी, हे अजून ठरायचे आहे.